दोन लोकरी तुकडे, दोन नाड्या: कॅथलिकांचा स्कॅप्युलर

टपाल तिकिटाहून थोडे मोठे असे तपकिरी लोकरी कापडाचे दोन तुकडे. दोन नाड्यांनी एकमेकांना जोडलेले. डोक्यातून घातले की एक तुकडा छातीवर येतो, दुसरा पाठीवर, आणि नाड्या दोन्ही खांद्यांवरून जातात. एका तुकड्यावर बहुधा मरियामातेचं चित्र असतं, दुसऱ्यावर एखादी ओळ छापलेली. याला स्कॅप्युलर म्हणतात. सोनं नाही, चांदी नाही. चहा-वड्याच्या पैशात मिळतो.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी तो पाहिलेला असणार. नळावर उघड्या अंगाने आंघोळ करणाऱ्या एखाद्या गोवेकर किंवा अँग्लो-इंडियन अंकलच्या गळ्यातली ती घामाने काळी पडलेली दोरी, आणि ओल्या पाठीला चिकटलेला तुकडा. कॉलनी माहीत नसेल तर नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा तरी माहीत असेल. फेब्रुवारीत आपल्याकडून माणसं रेल्वेने तिकडे जातात. त्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे मोजायला कोणी बसत नाही. यात्रेतल्या ठेल्यांवर मेणबत्त्या, जपमाळा, बाळ येशूच्या मूर्ती, आणि त्यांच्याच बाजूला खिळ्याला टांगलेले स्कॅप्युलर.

“गळामा हाई काय शे भो?” असं कोणी विचारलं की घालणारा पुष्कळदा “आमचा ताईत आहे” असं म्हणून मोकळा होतो. उत्तर सोयीचं आहे. एसटीत शेजारच्या सीटवरच्या माणसाला सहाव्या शतकापासून कथा सांगत कोण बसणार? पण खुद्द कॅथलिक चर्चला विचाराल तर हे उत्तर चूक आहे. ते का, हे कळायला इटलीतल्या एका मठापासून सुरुवात करावी लागते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी माँते कासिनो इथे मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. पुढे पश्चिम युरोपातले बहुतेक मठ याच नियमावलीवर चालले. तिचं ५५वं प्रकरण कपड्यांचं आहे. प्रत्येकाला एक अंगरखा द्यावा, एक टोपीचा झगा द्यावा, पायात मोजे आणि जोडे द्यावेत, आणि ‘कामासाठी स्कॅप्युलर’ द्यावा, असं तिथे लिहिलंय. खांद्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. शेतात, भटारखान्यात राबताना आतला अंगरखा मळू नये म्हणून वरून घालायचा कपडा, एवढाच त्याचा हेतू. पुढे त्याला ठराविक रूप आलं: खांद्याएवढ्या रुंदीचा लांबलचक पट्टा, मधोमध डोकं जाईल एवढं भोक, पुढे आणि मागे पायापर्यंत सोडलेला.

मध्ययुग संपेपर्यंत या राबायच्या कपड्याला मठाच्या पेहरावात मोठा मान आला होता. तो अंगावर चढवताना ख्रिस्ताचं जू खांद्यावर घेतलं, असं मानलं जाऊ लागलं. ‘माझे जू आपणांवर घ्या’ हे येशूचं वाक्य मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. ज्यांच्या घरी बैलजोडी आहे त्यांना हे वाक्य पोथीतल्या पंडितापेक्षा लवकर समजतं. जू खांद्यावर असतं, ते पुढून-मागून धरतं, आणि एकदा मानेवर आलं की दिवस संपेपर्यंत उतरत नाही.

आता हा लांब पट्टा एवढुसा कसा झाला? मठात राहणारे थोडे, आणि मठाशी नातं जोडावंसं वाटणारे फार. बायको आहे, पोरं आहेत, दुकान आहे, शेत आहे. सगळं सोडून जाता येत नाही, पण त्या संन्याशांच्या प्रार्थनेत आपलाही वाटा असावा असं वाटतं. तेराव्या शतकापासून अशा संसारी लोकांसाठी मठसंघांनी आपापल्या शाखा काढल्या. पहिला संघ पुरुष संन्याशांचा, दुसरा साध्वींचा, म्हणून या लोकांच्या शाखेला ‘तिसरा संघ’ म्हणायची रीत पडली. त्याहून सैल असे बंधुसंघही निघाले. सभासद झालं की मूळ संघाच्या पेहरावातलं काहीतरी अंगावर असावं, ही अपेक्षा होती. मरताना तरी तो झगा अंगावर असावा, त्यातच पुरावं, अशीही अनेकांची इच्छा असे. पण रोजच्या कपड्यांवर किंवा कपड्यांखाली पायघोळ पट्टा घालून बाजार करता येत नाही. तो आखूड होत गेला, अरुंद होत गेला, आणि शेवटी दोन चौकोनी तुकडे आणि दोन नाड्या उरल्या. लोकांच्या भक्तिप्रकारांविषयी २००१ मध्ये व्हॅटिकनने एक मार्गदर्शिका काढली. कार्मेलाईट या मठसंघाचा स्कॅप्युलर म्हणजे त्या संघाच्या पेहरावाचं लहान रूप, असंच तिच्यात म्हटलं आहे. म्हणजे तो मुळात गणवेश आहे. इथवरचा इतिहास सरळ आहे. गुंतागुंत पुढे सुरू होते.

आपण नुसतं ‘स्कॅप्युलर’ म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर असतो तो कार्मेलचा तपकिरी. कार्मेल हा डोंगर आजच्या इस्रायलमध्ये, हैफा शहराला लागून आहे. जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याने बआल देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान दिलं तो हाच डोंगर. बाराव्या शतकाच्या अखेरीस, क्रूसयुद्धांच्या धामधुमीत, युरोपातून आलेली काही माणसं तिथे एका झऱ्याजवळ एकांतात राहू लागली. १२०६ ते १२१४ च्या दरम्यान जेरुसलेमचे पॅट्रिआर्क (मुख्य धर्माधिकारी) अल्बर्ट यांनी त्यांना एक छोटी नियमावली लिहून दिली. खोपट्यांच्या मधोमध त्यांचं प्रार्थनामंदिर होतं, ते मरियेच्या नावाचं. आपण ‘कार्मेल डोंगरावरच्या मरियेचे भाऊ’ आहोत असं ही मंडळी पुढे सांगू लागली.

तिथली राजकीय परिस्थिती बिघडली, तसे १२३८ च्या सुमारापासून हे लोक गटागटाने युरोपात परतू लागले: सायप्रस, सिसिली, दक्षिण फ्रान्स, इंग्लंड. परतले खरे, पण पंचाईत झाली. डोंगरातले एकांतवासी शहरात आले, आणि शहरात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे दोन संघ आधीच जम बसवून होते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने नवे संघ काढायला मनाई केली होती. “तुम्ही कोण? तुमचा संस्थापक कोण?” हे दोन प्रश्न जाईल तिथे पुढ्यात. फ्रान्सिस्कनांकडे फ्रान्सिस होते, डॉमिनिकनांकडे डॉमिनिक. यांच्याकडे दाखवायला एकही नाव नव्हतं. १२७४ मध्ये ल्योंच्या धर्मपरिषदेने यांचा निकाल टांगणीवरच ठेवला. पक्की मान्यता मिळाली ती १२९८ मध्ये, पोप बोनिफास आठवे यांच्याकडून. म्हणजे युरोपात परतल्यापासून साठेक वर्षं संघ राहतो की बुडतो याचा घोर.

त्यात त्यांचा झगा! पांढरे आणि गडद उभे पट्टे असलेला. त्या काळच्या युरोपात पट्ट्यांचा कपडा हलका समजला जाई, आणि पॅरिसमध्ये लोक यांना ‘पट्ट्यापट्ट्यांचे भाऊ’ म्हणून चिडवत. कार्मेलाईट मंडळींनी त्यावर गोष्ट सांगितली की एलिया अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याने आपला झगा खाली टाकला, त्याच्या घड्यांचा बाहेरचा भाग होरपळला, आतला पांढरा राहिला, म्हणून हे पट्टे. गोष्ट झकास आहे, पण चिडवणं काही थांबलं नाही. शेवटी १२८७ मध्ये त्यांनी पट्टे सोडले आणि पांढरा झगा घेतला. ओळखीची खूण गेली, तसं तपकिरी स्कॅप्युलरचं महत्त्व वाढत गेलं. १३२४ च्या त्यांच्या नियमांत स्कॅप्युलर न घालता झोपणं हा गंभीर दोष ठरवलेला आहे. १३६९ च्या नियमांत तर स्कॅप्युलरशिवाय मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत, इथपर्यंत मजल गेली.

या पार्श्वभूमीवर सायमन स्टॉक यांची कथा वाचायची. सांगतात ती अशी: सायमन हे इंग्रज, संघाचे प्रमुख. संघावर चहूबाजूंनी संकट आलेलं. ते मरियेचा धावा करतात. १६ जुलै १२५१ ला मरिया त्यांना दर्शन देते, हातात स्कॅप्युलर असतो, आणि ती म्हणते, हा अंगावर असताना ज्याला मरण येईल त्याला सार्वकालिक अग्नी भोगावा लागणार नाही. आजही कापडावर बहुधा हेच चित्र असतं: आकाशात मरिया, कडेवर बाळ येशू, खाली गुडघे टेकलेले सायमन.

सायमन स्टॉक नावाचे प्रमुख होऊन गेले आणि फ्रान्समधल्या बोर्दो इथे १२६५ मध्ये वारले, एवढं मानायला हरकत नाही. मात्र दर्शनाची हकीकत त्यांच्या हयातीतल्या एकाही कागदात सापडत नाही. ती लिखित स्वरूपात येते चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांनी. तारीख तर त्याहूनही उशिरा आली. १६४२ मध्ये बोर्दोचे एक कार्मेलाईट, ज्याँ शेराँ, यांनी एक पत्र छापलं. सायमन यांच्या लेखनिकाने, त्यांनी स्वतः सांगितलं तसं, लिहून घेतलेलं हे पत्र असल्याचा दावा होता. ‘१६ जुलै १२५१’ ही तारीख जगभर पसरली ती या पत्रामुळे, आणि हे पत्र बनावट आहे असं आज अभ्यासक मानतात. शंका घेणारे कोणी नास्तिक होते असंही नाही. त्याच काळात ज्याँ द लोनोय या फ्रेंच कॅथलिक विद्वानाने यावर हल्ला चढवला होता, आणि विसाव्या शतकात खुद्द कार्मेलाईट इतिहासकारांनीच ही कागदपत्रं उलगडून दाखवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असंच दर्शन डॉमिनिकन परंपरेतही आहे, आणि तेही आधीचं: १२१८ च्या सुमारास ऑर्लेआँचे रेजिनाल्ड आजारी असताना मरियेने त्यांना डॉमिनिकनांचा पेहराव दाखवला, असं ती परंपरा सांगते. आमचा गणवेश शिंप्याने बेतला नाही, आईने दिला, हे सांगायची गरज त्या काळी प्रत्येक संघाला वाटत होती. ज्यांच्या अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह होतं त्या कार्मेलाईटांना ती सगळ्यात जास्त वाटली असणार, असं मला वाटतं. त्यांनी ठरवून खोटं रचलं असं मी म्हणणार नाही. आपण कोणाचे, या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान् पिढ्या मनात घोळलं की त्याची कथा होते.

त्या वचनाकडेही या संदर्भात पाहिलं की अर्थ बदलतो. ते मुळात संघातल्या भावांना उद्देशून आहे. झोपतानाही अंगावर ठेवायच्या पेहरावात मरण येणं म्हणजे शेवटपर्यंत संघ न सोडणं, घेतलेलं व्रत निभावणं. ते वचन दोन तुकड्यांवर छापून यात्रेत विकलं जाऊ लागलं, तेव्हा मधलं सगळं गळून पडलं आणि उरलं ते ‘घाला आणि वाचा’.

याहून अवघड प्रकरण शनिवारचं आहे. पोप जॉन बाविसावे यांच्या नावाने ३ मार्च १३२२ ची एक सनद दाखवली जाते. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मेल्यानंतर पुष्कळ आत्म्यांना स्वर्गात जाण्याआधी शुद्ध व्हावं लागतं; त्या अवस्थेला पर्गेटरी म्हणतात. स्कॅप्युलर घालून, ठरलेली पथ्यं पाळून मेलेल्याला मरिया मृत्यूनंतरच्या पहिल्या शनिवारी पर्गेटरीतून सोडवेल, असं ही सनद म्हणते. पथ्यं म्हणजे आपापल्या स्थितीप्रमाणे शुद्ध आचरण आणि रोजच्या ठराविक प्रार्थना. वाचता येत नसेल तर बुधवारी आणि शनिवारी मांसाहार बंद. सनद अस्सल नाही, यावर आता इतिहासकारांचं फारसं दुमत नाही. सतराव्या शतकात यावरून एवढा वाद पेटला की १६१३ मध्ये रोमला मधला मार्ग काढावा लागला. मरिया आपल्या भक्तांना मृत्यूनंतरही, विशेषतः शनिवारी, मदत करते असा विश्वास लोकांनी धरावा, तसं सांगायला कार्मेलाईटांना मोकळीक आहे. मात्र मरिया स्वतः पर्गेटरीत उतरून आत्मे बाहेर काढते अशी चित्रं काढू नयेत. सरकारी परिपत्रकाची भाषा ज्यांना वाचता येते त्यांना या निर्णयातलं कसब कळेल.

मग आज चर्च काय म्हणतं? कथेचा आधार डळमळीत असेल तर स्कॅप्युलरही सोडायचा का? रोमने तसं केलं नाही. १६ जुलै हा कार्मेलमातेचा सण १७२६ मध्ये सगळ्या लॅटिन चर्चसाठी लागू झाला आणि आजही पंचांगात आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्ये कार्मेलाईटांना लिहिलेल्या पत्रात आपण स्वतः फार वर्षं स्कॅप्युलर घालत आल्याचं सांगितलं. मात्र त्या पत्राचा भर अग्नीपासून सुटकेवर नाही. मरियेचा सततचा आधार, आणि तिच्याशी जोडलेलं नातं जगण्यात उतरवणं, अशा दोन गोष्टींवर तो आहे.

ताईत का नाही, याचं उत्तर इथे आहे. कॅथलिक चर्चची अधिकृत धर्मशिकवण, परिच्छेद २१११, स्पष्ट सांगते: प्रार्थनेचं किंवा पवित्र चिन्हाचं फळ नुसत्या बाह्य कृतीने मिळतं, मनाची तयारी असो वा नसो, असं मानणं म्हणजे अंधश्रद्धा. स्कॅप्युलर हा चर्चच्या बाप्तिस्म्यासारख्या सात संस्कारांपैकीही नाही. पवित्र पाणी, जपमाळ, राखेच्या बुधवारची राख यांच्याच पंगतीत तो बसतो: मनाला संस्कारांकडे वळवणारं चिन्ह. त्याच्या अंगी स्वतंत्र ताकद नाही.

खान्देशातल्या माणसाला हे समजवायला वारकऱ्याची माळ पुरेशी आहे. आषाढी जवळ आली की कोथळीहून मुक्ताईची पालखी निघते. त्यातल्या माळकऱ्याला विचारा, माळ म्हणजे काय. तुळशीचे मणी तुम्हाला देवळाबाहेर कुठेही विकत मिळतील, पण विकत घेऊन गळ्यात अडकवलं म्हणून कोणी माळकरी होत नाही. ती जाणत्या वारकऱ्याच्या हातून घालून घ्यायची असते. तिच्यासोबत मांस-मद्य सुटतं, एकादशी येते, हरिपाठ येतो, वारी येते. ताइताचं तसं नसतं. ताईत बांधणाऱ्याने काम करायचं, बांधून घेणाऱ्याने पैसे द्यायचे, व्यवहार संपला. माळ घालणाऱ्यावर बंधन येतं. पथ्य मोडलं तर जुनी माणसं “आधी माळ काढून ठेव” असं तोंडावर सांगतात. स्कॅप्युलरचं घराणं हे माळेचं आहे. दोन्ही धर्मांचं तत्त्वज्ञान वेगळं, देव वेगळा; पण गळ्यातली वस्तू माणसाकडून काय मागते, याबाबतीत दोन्ही सारख्या वागतात.

म्हणूनच स्कॅप्युलर पहिल्यांदा घालायचा विधी असतो. फादर त्याला आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात, छोटी प्रार्थना म्हणून गळ्यात घालतात. पूर्वी अनेक ठिकाणी मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या सुमारास हे उरकून घेत. सध्याचा विधी व्हॅटिकनने १९९६ मध्ये मंजूर केलेला आहे. आशीर्वाद एकदाच. दोरी तुटली, कापड झिजलं की नवा घालायचा. पुन्हा विधी करायची गरज नाही, कारण विधी माणसाचा झालेला असतो, कापडाचा नव्हे. आंघोळीला काढला म्हणून काही बिघडत नाही. काही आज्या तो काढायला तयार होत नाहीत, हा भाग वेगळा.

कापडाबद्दल मात्र रीत कडक: लोकरीचं, विणलेलं, रंग तपकिरी किंवा काळपट. चित्र असलंच पाहिजे असं नाही. चित्र शोभेचं, कापड महत्त्वाचं. हे सगळं युरोपातल्या थंडीत ठीक आहे. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा छातीला आणि पाठीला लोकर लावून बघा. घामाने तुकडा कडक होतो, कडा टोचतात, मानेला दोरीचा लाल वळ उठतो. वर मागचा तुकडा मागे राहतच नाही. वाकून बादली उचलली की तो खांद्यावरून सरकत पुढे येतो, आणि संध्याकाळी दोन्ही तुकडे छातीवर एकमेकांत गुंतलेले सापडतात. शहाण्या बायका मागचा तुकडा आतल्या कपड्याला बारीक पिनेने अडकवतात. काहीजण प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शिवतात. कापड टिकतं, पण आत घाम साचून वास मारतो.

यावर तोडगा रोमने शंभर वर्षांपूर्वीच दिलेला आहे. १६ डिसेंबर १९१० च्या आदेशाने पोप पायस दहावे यांनी कापडाऐवजी धातूचं पदक घालायची मुभा दिली. पदकाच्या एका बाजूला येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला मरिया. मुख्य अट: पहिला विधी कापडाच्या स्कॅप्युलरनेच व्हावा, पदक त्यानंतर. आपल्या हवेत मला हा सरळ व्यवहाराचा मार्ग वाटतो, पण जुन्या मंडळींना पदक म्हणजे पळवाट वाटते. लोकर टोचते हेच बरं, आठवण राहते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य आहे.

बाकीच्या रंगांचं थोडक्यात. पांढरा पवित्र त्रैक्याच्या संघाचा, काळा मरियेच्या सात दुःखांचा, सर्व्हाईट संघाकडून आलेला. निळा मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा. तो नेपल्सच्या उर्सुला बेनिनकासा या साध्वीमुळे १६१७ पासून रूढ झाला. लाल येशूच्या दुःखसहनाचा. फ्रान्समधल्या सिस्टर अपोलिन यांना १८४६ मध्ये झालेल्या दर्शनातून तो आला आणि पुढच्याच वर्षी पोप पायस नववे यांनी त्याला मान्यता दिली. तपकिरी धरून हे पाचही एकत्र शिवून लाल दोरीत ओवतात, तो पंचरंगी. हिरवाही बराच खपतो, आणि नेमका तोच खऱ्या अर्थाने स्कॅप्युलर नाही. १८४० मध्ये पॅरिसच्या सिस्टर ज्युस्तीन यांच्या दर्शनातून तो आला. त्याला एकच तुकडा असतो, मागे कोणताही संघ नाही, कोणत्या पेहरावाचं ते लहान रूप नाही, गळ्यात घालायचा विधीही नाही. आजारी माणसाच्या उशाखाली ठेवला तरी चालतो. ताइताच्या सर्वांत जवळ जातो तो हा, आणि खपाचं कारण तेच असावं असा माझा अंदाज.

हा सगळा प्रकार आपल्याकडे आला गोव्यामार्गे. अनवाणी कार्मेलाईट, म्हणजे स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसा यांनी सुधारलेल्या शाखेचे संन्यासी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात मठ करून होते. त्या मठातले डेनिस आणि रेडेम्प्टस हे दोघे १६३८ मध्ये सुमात्रातल्या आचे इथे मारले गेले. पुढे रेल्वे आली. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) नोकरीत गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं भुसावळला उतरली, आणि त्यांच्या ट्रंकांतून जपमाळा, साईबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, तसबिरी, स्कॅप्युलर तापीच्या काठी पोचले. आज जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. नाशिकरोडच्या यात्रेशीही कार्मेलचा दुरून संबंध आहे: ज्या प्रागच्या बाळ येशूची ही भक्ती, ती मूळ मूर्ती १६२८ मध्ये प्रागच्या अनवाणी कार्मेलाईटांनाच भेट मिळाली होती.

म्हणून खान्देशातला प्रत्येक ख्रिस्ती माणूस स्कॅप्युलर ओळखेल असं मात्र समजू नका. नवापूर, नंदुरबार, धुळे भागातले पुष्कळ ख्रिस्ती, विशेषतः आदिवासी बांधव, प्रोटेस्टंट मिशनांच्या परंपरेतले आहेत. त्यांच्या उपासनेत मरियेची भक्ती नाही, पर्गेटरी नाही, गळ्यातलं चिन्ह तर नाहीच. भगताच्या गंड्या-दोऱ्यातून बाहेर पडलेल्या घराला दुसरी दोरी दाखवली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी समजण्यासारखी आहे. लूथर, कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकांच्या परंपरेचा आक्षेप हाच होता, की तारण श्रद्धेने मिळतं, कापडाने नाही. गंमत म्हणजे परिच्छेद २१११ वाचला तर कॅथलिक चर्चही, निदान कागदावर, याहून फार वेगळं बोलत नाही. फरक पडतो तो ठेल्यावर.

तेव्हा यात्रेतून कोणी हौसेने स्कॅप्युलर आणणार असेल तर दोन-तीन गोष्टी बघून घ्याव्यात. तुकडे दोन हवेत. एक असेल तर तो हिरव्या जातीतला किंवा नुसतं पदराला लावायचं चित्र. कापड चिमटीत चोळून बघा. हल्ली बरेचसे पॉलिस्टरचे असतात, विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. दर्शनी भागावर ‘अग्नी भोगावा लागणार नाही’ हे वचन मोठ्या अक्षरात आणि अटी कुठेच नाहीत, असं असेल तर हसून सोडून द्या. आशीर्वाद दिलेला आहे असं सांगून कोणी चार पैसे जास्त मागत असेल तर देऊ नका. आशीर्वादाची वस्तू चढ्या भावाने विकणं चर्चच्या नियमात बसत नाही. आणि आजोबांच्या पेटीत जुना, फाटका सापडला तर कचऱ्यात टाकायचा नाही, तापीतही सोडायचा नाही. जाळावा, नाहीतर परसात माणसांचा पाय पडणार नाही अशा जागी पुरावा.